सूक्ष्मजीवाश्मांचा रंग व पोत : खडकांच्या औष्णिक इतिहासाचा पुरावा

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून खाली जाताना तापमान दर किलोमीटरला साधारणतः २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. आज डोंगरमाथ्यावर उघडा पडलेला एखादा चुनखडक हाताला थंड लागतो; परंतु हाच खडक कधी काळी चार किलोमीटर खोल गाडला गेला असेल, तर त्याने १२० ते १४० अंशांची उष्णता सोसलेली असते. वरचे थर झिजून गेले व खडक निवला, की ती उष्णता मोजायची कशी? या प्रश्नाचे एक उत्तर कोनोडॉन्ट नावाच्या सूक्ष्मजीवाश्मांनी दिले. ते कसे, हे प्रस्तुत लेखात पाहू.

कोनोडॉन्ट म्हणजे काय?

कोनोडॉन्ट हे दातांसारखे दिसणारे, बहुधा एक-दोन मिलिमीटरपेक्षाही लहान अवशेष होत. पँडर या शास्त्रज्ञाने १८५६ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले व ते माशांचे दात असावेत असे मानले. हे दात ज्याचे होते त्या ईलसारख्या लांबट सागरी प्राण्याचा मऊ शरीरासह ठसा स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळच्या खडकात मिळाला, व त्याचे वर्णन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. कँब्रियन कल्पापासून ट्रायासिक कल्पाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे ५० कोटी ते २० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, हे प्राणी समुद्रात होते.

हे अवशेष कॅल्शियम फॉस्फेटचे असतात. त्यामुळे चुनखडक सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळविला तरी ते गाळात शिल्लक राहतात व सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेचता येतात.

रंग का बदलतो?

कोनोडॉन्टमध्ये फॉस्फेटच्या पातळ थरांच्या जोडीने अत्यल्प सेंद्रिय द्रव्यही असते. उष्णता मिळाली की या द्रव्यातून बाष्पशील घटक निघून जातात व कार्बन मागे राहतो. परिणामी फिकट पिवळा अवशेष तपकिरी व पुढे काळा होतो. उष्णता त्याहूनही वाढली, तर कार्बनच नाहीसा होतो व स्फटिकांची नव्याने जुळणी होते. मग काळा रंग जाऊन करडा, पांढरा व अखेरीस काचेसारखा पारदर्शक अवशेष उरतो. हा बदल उलट दिशेने होत नाही. खडक निवला तरी रंग तसाच राहतो. म्हणूनच तो खडकाने सोसलेल्या उष्णतेची नोंद ठरतो.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील अनिता एपस्टाइन (पुढे अनिता हॅरिस), जॅक एपस्टाइन व लिओनार्ड हॅरिस यांनी १९७७ मध्ये या बदलास क्रमांक दिले. त्यास रंगबदल निर्देशांक म्हणता येईल. निर्देशांक १ म्हणजे फिकट पिवळा रंग व ८० अंशांखालील तापमान. २ म्हणजे तपकिरी, ६० ते १४० अंश. ३ म्हणजे गडद करडा-तपकिरी, ११० ते २०० अंश. ४ म्हणजे काळपट, १९० ते ३०० अंश. आणि ५ म्हणजे पूर्ण काळा, ३०० अंशांहून अधिक. ६ ते ८ हे पुढचे टप्पे करड्यापासून पारदर्शकापर्यंतचे आहेत.

काळाचा वाटा

या पट्ट्यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, त्याचे कारण काळ हे होय. मोठ्या आचेवर कांदा थोड्या वेळात तांबूस होतो; मंद आचेवरही होतो, पण वेळ लागतो. वरील संशोधकांनी कोनोडॉन्ट भट्टीत ३०० ते ६०० अंशांवर काही तासांपासून सुमारे ५० दिवसांपर्यंत तापविले आणि त्यावरून लाखो वर्षे चालणाऱ्या मंद तापण्याचा हिशेब गणिताने बांधला.

उदाहरणार्थ, निर्देशांक ३ मिळाला, पृष्ठभागाचे तापमान २० अंश व वाढ दर किलोमीटरला ३० अंश धरली, तर गाडले जाण्याची खोली ३ ते ६ किलोमीटर निघते. हे अंतर मोठे आहे. खडक किती काळ खोल होता हे अन्य पुराव्यांवरून कळले, तरच ते कमी करता येते.

पोताची साक्ष

केवळ रंगावर विसंबल्यास फसगत होऊ शकते. खडकातून उष्ण द्रावणे वाहिली, किंवा शेजारी शिलारस घुसला, तरीही रंग बदलतो. येथे पोत उपयोगी पडतो. १९८७ मध्ये रेजेबियन, हॅरिस व ह्यूब्नर यांनी रंग आणि पोत यांचा एकत्रित अभ्यास मांडला. खोल गाडले जाऊन तापलेल्या खडकातील अवशेषांचे रंग एकाच नमुन्यात बहुधा सारखे असतात. उष्ण द्रावणांचा संबंध आलेल्या नमुन्यात मात्र शेजारशेजारच्या अवशेषांचे निर्देशांक भिन्न असतात, पृष्ठभाग खरबरीत वा खड्डेयुक्त होतो व काहींवर करडा लेप दिसतो. अशी लक्षणे धातुखनिजांच्या शोधातही मार्गदर्शक ठरतात.

व्यावहारिक महत्त्व

खनिज तेल ठरावीक उष्णतेतच तयार होते व टिकते. निर्देशांक साधारणतः २ च्या पुढे गेला की तेलाची आशा कमी होते, सुमारे ४.५ पर्यंत नैसर्गिक वायू मिळू शकतो. खोल विहीर खोदण्याचा खर्च प्रचंड असतो, तर हा निर्देशांक काही किलो चुनखडक, आम्ल व सूक्ष्मदर्शक एवढ्यावर कळतो. अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतप्रदेशात निर्देशांक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातो. १८५९ ची प्रसिद्ध तेलविहीर पश्चिम पेनसिल्व्हेनियात लागली, तर अधिक तापून बनलेला अँथ्रासाइट कोळसा त्याच राज्याच्या पूर्वेस सापडतो. दोन्ही गोष्टी एकच औष्णिक इतिहास सांगतात.

आपल्या परिसराच्या संदर्भात

भारतात काश्मीर व स्पितीच्या सागरी खडकांत कोनोडॉन्ट सापडतात. दख्खनच्या बेसाल्टात ते मिळणार नाहीत, कारण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. बेळगाव-बागलकोटकडील कलादगी खडक, ग्वाल्हेरचे जुने स्तर व हैदराबादचा ग्रॅनाइट हे तर कोनोडॉन्टच्या जन्माआधीचे. चंद्रपूरकडील कोळशाचे थर काळाने जुळतात, पण ते सागरी नाहीत. तेथे वनस्पतींच्या बीजाणूंचा रंग व कोळशातील व्हिट्रिनाइटची परावर्तकता हीच साधने वापरावी लागतात. कोणते साधन कोठे चालत नाही, हे समजणे हाही या विषयाच्या अध्यापनाचा आवश्यक भाग आहे.

वर्गात हे तत्त्व दाखविण्यास कोनोडॉन्टच हवेत असे नाही. हाडही कॅल्शियम फॉस्फेट व सेंद्रिय द्रव्य यांचेच बनलेले असते. स्वच्छ, कोरड्या हाडाचे सारखे तुकडे भट्टीत वेगवेगळ्या तापमानांना व वेगवेगळ्या वेळा ठेवून तपकिरी, काळा, करडा व पांढरा हा क्रम विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येतो. धूर व वास येतो, म्हणून हवा खेळती असावी. हाडाचे आकडे कोनोडॉन्टला लागू करू नयेत. परंतु रंगावरून तापमान काढताना काळ विसरला तर उत्तर चुकते, हे या प्रयोगातून विद्यार्थी स्वतःच शोधून काढतील.