फळपिकांचे ऊतिसंवर्धन, लेखांक ५ : संजीवकांची मात्रा आणि हॅमिल्टनची ब्लूबेरी

मागील लेखांकात पोषक माध्यमातील क्षार, साखर आणि अगर यांचा विचार झाला. हे घटक ऊतीला जगवतात. परंतु तिने फुटवा काढायचा, मुळे धरायची की पेशींचा आकारहीन गोळा वाढवत राहायचे, हे त्याच माध्यमात लिटरला काही मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात मिसळलेली संजीवके ठरवतात. संजीवके म्हणजे वनस्पतीच्या शरीरात तयार होणारी, अथवा त्यांच्यासारखेच काम करणारी परंतु कारखान्यात बनवलेली, वाढीचे नियंत्रण करणारी द्रव्ये होत. त्यांपैकी ऑक्झिन गटातील द्रव्ये मुख्यतः मुळे फुटण्यास चालना देतात, तर सायटोकायनिन गटातील द्रव्ये पेशींचे विभाजन घडवून पानांच्या बगलेतील सुप्त डोळे जागे करतात. या दोहोंच्या परस्पर प्रमाणावर ऊतीची दिशा अवलंबून असते, हे स्कूग आणि मिलर यांनी 1957 मध्ये तंबाखूच्या ऊतींवर दाखवून दिले आणि आजही प्रत्येक प्रयोगशाळेचे काम याच तत्त्वावर चालते.

तत्त्व एक असले तरी मात्रा मात्र पिकागणिक बदलते, आणि याचे बोलके उदाहरण न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे सापडते. या शहराभोवतीच्या वायकाटो प्रदेशात पीटच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या, आम्लधर्मी जमिनी आहेत आणि ब्लूबेरीला नेमकी तशीच जमीन मानवते. शहरालगतच्या रुआकुरा संशोधन केंद्रात या पिकाच्या पैदाशीचे काम झाले व ‘नुई’, ‘पुरू’ आणि ‘रेका’ ही वाणे तेथूनच बाहेर पडली. ब्लूबेरीच्या बियांपासून उगवलेली रोपे मातृझुडपासारखी निपजत नाहीत; त्यामुळे नवे वाण एका निवडक झुडपापासून सुरू होते आणि त्याची संख्या शाखीय पद्धतीनेच वाढवावी लागते. छाट कलमे वर्षाच्या ठरावीक काळात व मर्यादित संख्येनेच मिळतात, म्हणून मोठ्या प्रमाणावर रोपे हवी असतील तेव्हा ऊतिसंवर्धनाचा मार्ग सोयीचा ठरतो.

महाराष्ट्रातील वाचकांना जळगावच्या केळीमुळे हे तंत्र परिचित आहे. केळीच्या कोंबासाठी सर्रास वापरले जाणारे सायटोकायनिन म्हणजे बेंझिलअमिनोप्युरीन. ते स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि केळीत उत्तम काम देते. ब्लूबेरी मात्र त्याला फारशी दाद देत नाही. तिला टू-आयपी हे द्रव्य किंवा झिआटिन लागते, आणि यांतही झिआटिन कमी मात्रेत अधिक फुटवे देते. ते महाग असल्यामुळे रोपाची किंमत वाढते, हा त्याचा दोष होय. माध्यमही बदलावे लागते, कारण मुराशिगे आणि स्कूग यांच्या 1962 च्या प्रसिद्ध माध्यमातील क्षार या पिकाला जास्त होतात. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवण्याजोगी आहे. 1955 मध्ये हाती आलेले पहिले सायटोकायनिन, कायनेटिन, हे तापवलेल्या डीएनएपासून मिळाले होते. वनस्पतीत नैसर्गिकरीत्या आढळणारे झिआटिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे श्रेय डी. एस. लेथॅम यांना जाते, आणि त्यांनी ते 1963 च्या सुमारास हॅमिल्टनच्या उत्तरेस असलेल्या ऑकलंडमधील शासकीय फळसंशोधन विभागात मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून मिळवले.

सायटोकायनिन वाढवले की फुटव्यांची संख्या वाढते, म्हणून ते वाढवत नेण्याचा मोह रोपवाटिकांना होतो, आणि खरा धोका नेमका येथेच आहे. शेंड्याकडून खाली येणारे ऑक्झिन बगलेतील डोळ्यांना दाबून ठेवते; सायटोकायनिन तो दाब हटवते, आणि अशा आधीपासूनच असलेल्या डोळ्यांतून निघालेली बगलफूट सहसा मातृझाडासारखीच असते. मात्रा अति झाली तर कोंब काचेसारखे पारदर्शक, पाणीदार व ठिसूळ होतात आणि बाटलीबाहेर तगत नाहीत. शिवाय पानाच्या किंवा जखमेच्या ऊतीतून आगंतुक कोंब फुटू लागतात, आणि त्यांच्यात आनुवंशिक बदल शिरण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. ब्लूबेरीच्या ऊतिसंवर्धित रोपांना लागवडीनंतरही बुंध्याशी जास्त फांद्या येतात, असेही आढळले आहे. झुडूप लवकर भरते, हा त्याचा लाभ आहे, परंतु छाटणीचे काम वाढते.

मुळांच्या टप्प्यावर ऑक्झिनची पाळी येते. केळीला बाटलीतच मुळे आणली जातात. ब्लूबेरीचे कोंब मात्र कित्येकदा थेट ओल्या पीटमध्ये, दाट धुक्याच्या फवाऱ्याखाली लावतात आणि गरज भासल्यास त्यांची खालची टोके आधी इंडोल ब्युटिरिक आम्लात बुडवून घेतात. या पिकाच्या मुळांना मूलरोम नसतात व ती अतिशय बारीक असतात, त्यामुळे अगरमधून काढताना ती सहज तुटतात. थेट पीटमध्ये फुटलेली मुळे निदान त्या हाताळणीतून वाचतात. त्यानंतर आर्द्रता टप्प्याटप्प्याने कमी करून रोपे बाहेरच्या हवेला सरावतात. ही घाई करण्याची जागा नव्हे.

केळी असो वा डाळिंब, एकाच कोंबापासून निघालेले फुटवे वेगळे करून पुन्हा नव्या माध्यमावर वाढवण्याच्या किती फेऱ्या काढल्या, हे रोपाच्या विश्वासार्हतेचे मोठे गमक आहे, कारण प्रत्येक फेरीत ऊती पुन्हा सायटोकायनिनच्या प्रभावाखाली जाते आणि बदललेली रोपे निघण्याचा संभव वाढत जातो. म्हणून रोपे विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने किमतीआधी फेऱ्यांची संख्या विचारावी, मातृझाडाची विषाणू-तपासणी झाली आहे की नाही हे पाहावे आणि केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणन योजनेतील प्रमाणपत्र मागून घ्यावे.