न्हाव्याच्या खुर्चीतून थेट ००७

पहिला बॉण्डपट ‘डॉक्टर नो’ लंडनमध्ये झळकला ५ ऑक्टोबर १९६२ ला. पन्नास वर्षांनी बॉण्डपटांच्या जन्मकथेवरचा माहितीपट आला, ‘एव्हरीथिंग ऑर नथिंग’. दिग्दर्शक स्टीव्हन रायली. यात बिल क्लिंटनसुद्धा चाहते म्हणून हजेरी लावून जातात. पडद्यावरचा पहिला बॉण्ड शॉन कॉनरी मात्र नव्या मुलाखतीला बसलाच नाही, जुन्या चित्रफितींतूनच भेटतो.

भाव खाऊन जातो तो जॉर्ज लेझनबी. हा ऑस्ट्रेलियन गडी मोटारी विकायचा, मग मॉडेल झाला. अभिनयाच्या नावाने शून्य! पठ्ठ्याने कॉनरीच्या न्हाव्याकडे केस कापले, कॉनरीने शिवायला टाकून न नेलेला सूट त्याच्याच शिंप्याकडून पटकावला, बिनदिक्कत थापा मारल्या आणि १९६९ चा बॉण्ड झाला. पुढच्या अनेक चित्रपटांचा करार समोर असताना कुणीतरी कानात सांगितलं, बॉण्डचे दिवस संपले. याने ऐकलं! प्रीमियरला दाढी-केस वाढवून गेला तो वेगळाच. हे सगळं तो इतक्या मिस्कीलपणे सांगतो की त्याची कीव करायचं राहूनच जातं.

ब्रोकोली आणि साल्ट्झमन या निर्मात्यांनी बायकांच्या नावांचा संधी करून कंपनी काढली: डॅना अधिक जॅकलिन, डॅनजॅक. भागीदारीचा हा संसार काही टिकला नाही. १९७५ मध्ये साल्ट्झमनने आपला हिस्सा विकून टाकला. ‘थंडरबॉल’च्या हक्कांवरून त्याच्या कथेचा सहलेखक केव्हिन मॅक्लोरीने मांडलेला कज्जा तर माहितीपट येऊन गेल्यावर, २०१३ मध्ये मिटला. खुद्द मॅक्लोरी त्याआधीच वारला होता.

बॉण्डचा जन्मदाता लेखक इयन फ्लेमिंगने नायकाचं नाव उचललं ते वेस्ट इंडिजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका पक्षितज्ज्ञाचं. बॉण्डपटाच्या सुरुवातीला पांढऱ्या वर्तुळात चालत येऊन गोळी झाडणारा माणूस पहिल्या तीन चित्रपटांत कॉनरी नव्हेच, तो स्टंटमन बॉब सिमन्स.

आणि बॉण्डची ती धून? मॉण्टी नॉर्मनने ती बेतली नायपॉलांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरच्या संगीतिकेसाठी केलेल्या, अडगळीत पडलेल्या गाण्यावरून. त्रिनिदादमधल्या भारतीयाचं गाणं, सतारीच्या ढंगाचं. जॉन बॅरीच्या संयोजनात त्या सुरांवर विक फ्लिकची गिटार कडाडली. मूळ गाण्यातला माणूस मात्र रडगाणं गातोय आपल्या जन्मजात अपशकुनी शिंकेचं!