चिंच पडली की भांड्याची परीक्षा

पितळी पातेलं आतून चांदीसारखं झळकतं ते कल्हईमुळे. कल्हईवाला भांडं तापवून नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो आणि कापसाच्या बोळ्याखाली वितळलेलं कथील सरसर पसरतं. धातूवरचा गंज नवसागर साफ करतो, म्हणून कथील धरतं. ते 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं, तेव्हा कल्हईचं रिकामं भांडं आचेवर विसरू नका आणि आत लाकडी पळीच फिरवा.

कल्हई उडाली की मात्र खैर नाही! ताक कळकतं, आमटीला हिरवट कडसर चव येते, वर मळमळ आणि उलट्या. आंबटामुळे पितळेतलं तांबं अन्नात उतरतं. चिंचेनं घासलेला तांब्या लखलखतो, तोही याच कारणानं.

लोखंडी कढईत आवळा काळा का पडतो? त्यातली तुरट द्रव्यं लोहाशी जुळतात. हिरडा आणि लोहक्षार यांची काळी शाई याच जोडीची. अन्नात उतरणारं हे थोडं लोह बहुतेकांना उपकारकच, म्हणून कढईतली पालेभाजी बेलाशक खावी. चिंचगुळाची आमटी मात्र तिच्यात नको, आणि उरलेली भाजी रात्रभर तर नकोच.

तोफा-बंदुकांच्या नळ्या झिजू नयेत म्हणून इंग्लंडच्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली पोलादावर प्रयोग करत होते. 1913 साली त्यांच्या हाती न गंजणारं पोलाद लागलं. त्यातल्या क्रोमियमचा अदृश्य थर ओरखडा पडला तरी हवेत आपोआप भरून येतो. रोजच्या आंबट स्वयंपाकाला माझं पहिलं मत स्टीललाच. फक्त गार पाण्यात मीठ टाकून ते तळाशी बसू देऊ नका, बारीक खड्डे पडतात. पाण्याला उकळी आली की मगच मीठ.

साध्या अॅल्युमिनियमच्या टोपात टोमॅटोचं सार नको. हार्ड अॅनोडाइज्ड भांड्यात त्याच धातूचा ऑक्साइड थर विजेच्या साहाय्यानं जाड केलेला असतो, त्यामुळे ते आंबटाला सहसा दाद देत नाही.

तमिळनाडूत आंबट कुळंबू (आमटीसारखं कालवण) शिजतो कलचट्टीत, म्हणजे मऊ दगड कोरून केलेल्या भांड्यात. चूल विझली तरी तो बराच वेळ रटरटत राहतो.

लोणच्याला चिनीमातीची बरणीच का? तिची झिलई म्हणजे काचच. मीठ, लिंबू, व्हिनेगर कशालाही ती बधत नाही. पण शोभेच्या जुन्या रंगीत बरण्यांच्या झिलईत शिसं असू शकतं. त्यांत लोणचं भरू नका, फुलं ठेवा.