नवा मॅक, रुसलेली अ‍ॅप्स

मायग्रेशन असिस्टंट रात्रभर चालतो आणि जुन्या मॅकवरचं सगळं बिऱ्हाड नव्यावर येतं. सकाळी फोटो जागेवर, मेल जागेवर. फक्त एखादं अ‍ॅप डॉकमध्ये दोन उड्या मारतं आणि गप्प बसतं.

नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ चिपचे मॅक आणले, आणि इंटेल चिपसाठी लिहिलेल्या अ‍ॅप्सना दुभाष्याची गरज पडू लागली. हा दुभाषा म्हणजे रोझेटा २. पहिलं इंटेल अ‍ॅप उघडताना मॅक तो बसवू का, असं विचारतो. घाईत ‘नॉट नाऊ’ दाबलं जातं आणि मग अ‍ॅपच्या नावाने बोटं मोडणं सुरू होतं! अ‍ॅप पुन्हा उघडून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की बहुतेकदा गाडी रुळावर येते.

अ‍ॅपचं कूळ तपासणं सोपं आहे. अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये ते निवडून कमांड आणि आय दाबायचं; ‘काइंड’पुढे इंटेल की युनिव्हर्सल ते दिसतं. युनिव्हर्सल असेल तर दुभाषा लागत नाही. तरीही अडलं, तर अ‍ॅप काढून निर्मात्याच्या साइटवरून ताजं उतरवावं.

आयकॉनवर काट मारलेलं वर्तुळ दिसलं, तर मात्र खटपट बहुधा वाया. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२-बिट अ‍ॅप्स मॅकवर चालतच नाहीत. ऑफिस २०११ त्यातलंच. तिथे नवी आवृत्तीच हवी.

रोझेटाचाही भरवसा धरू नये. इंटेलपूर्वीच्या पॉवरपीसी चिपच्या अ‍ॅप्ससाठीचा पहिला रोझेटा २०११ मध्ये लायन ही मॅकच्या प्रणालीची आवृत्ती आली तेव्हाच काढून टाकला होता.