इंजिनाच्या अंगावरचं जन्मटिपण

जुन्या शेवरोलेचं सहा सिलिंडरचं इंजिन गाडीतून सुटं झालं, कागदपत्रं हरवली, तरी त्याचं वय कळू शकतं. कसं?

इंजिनाचा मुख्य सांगाडा, म्हणजे ब्लॉक, ओतीव बिडाचा. त्याच्या लाकडी किंवा धातूच्या नमुन्यावर आकडे उठावात असतात. नमुना वाळूत दाबला की ते खोल उमटतात आणि तप्त रस ओतल्यावर ब्लॉकवर पुन्हा उठून येतात. साच्यातल्या मोदकावर नक्षी उठते, तसेच. म्हणून उठावातला आकडा ओतकामाचा, तर ठोकून खोल उमटवलेला नंतरचा.

लांब आकडा ओतीव भागाची ओळख सांगतो. तोच हजारो ब्लॉकवर असतो. तारखेची खूण छोटी असते. ‘सी 15 8’ मधलं सी हे तिसरं इंग्रजी अक्षर, म्हणजे तिसरा महिना मार्च; तारीख 15, वर्षाचा शेवटचा अंक 8.

पण 1948 की 1958? इथे आकार साक्ष देतो. 1948च्या इंजिनात बाजूचं पत्र्याचं झाकण वर स्पार्क प्लगपर्यंत जातं. 1958च्या इंजिनात ते आखूड असून प्लग त्याच्या वर मोकळे दिसतात.

म्हणून तेलकट ब्लॉक हाती आला, तर आधी तो ब्रशने हलकेच साफ करा. ग्राइंडर लावू नका. पुसलेला आकडा परत मिळत नाही.