पहिले शील आणि प्रयोगशाळेतील उंदीर

सातपुड्याच्या पायथ्याशी राबणाऱ्या शेतमजुराला साप नवा नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागात पावसाळा लागला की सर्पदंशाचे रुग्ण येतातच. भगताकडे वेळ दवडू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा, असे आम्ही कार्यकर्ते वस्त्यावस्त्यांत सांगत आलो आहोत. तिथल्या इंजेक्शनने माणूस वाचतो. पण ते इंजेक्शन तयार कसे होते?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष थोडे थोडे करून घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्य तयार होते. ते रक्त काढून औषध बनवतात. घोडा मरत नाही. मात्र औषधाची ताकद तपासण्यासाठी ते विषासह पांढऱ्या उंदरांना टोचतात. किती जगले आणि किती मेले, यावरून मोजमाप ठरते. म्हणजे दवाखान्यातल्या बाटलीमागे काही मुक्या जिवांचे मरण असते.

विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. पहिलेच शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचे. मग साप चावलेल्या लेकराला आईने हे इंजेक्शन देऊ नये काय? द्यावे, जरूर द्यावे. डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट फरक केला आहे. तथागतांची अहिंसा हा आंधळा नियम नाही, ते तत्त्व आहे. आणि तत्त्व माणसाला विचार करायला लावते. यज्ञात पशू मारणे ही गरज नव्हती. लेकराचा जीव वाचवणे ही गरज आहे.

परंतु 'गरज' हा शब्द फार सैल आहे. फाइलवर गरज दाखवणे किती सोपे असते, हे आम्हा कारकुनांना पुरते ठाऊक आहे!

२०२० साली कोरोनाच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिन लशीची चाचणी २० माकडांवर झाली. ही माकडे नागपूर भागातून पकडून आणली होती. पाच-पाचांचे चार गट केले. तीन गटांना लस दिली, चौथ्याला दिली नाही. मग सर्वांच्या अंगात विषाणू सोडला. लस न मिळालेल्या माकडांना न्यूमोनिया झाला. शेवटी शवविच्छेदन करून फुप्फुसे तपासली. पुढे ती लस आपल्यापैकी अनेकांनी दंडावर घेतली. त्या माकडांना मात्र कोणी विचारले नव्हते.

'ती तर जनावरेच', असे म्हणून काही जण विषय संपवतात. आम्हाला हे पटत नाही. अमुक जन्माने खालचा, म्हणून त्याचे दुःख हलके, हा हिशेब आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. तोच हिशेब आपण दुसऱ्या जिवाला लावायचा काय?

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांना परवानगी देतो. पण पुस्तक, नमुना किंवा चित्रफितीने काम भागत असेल तर प्राण्यावरचा प्रयोग टाळा, असेही सांगतो. पूर्वी कॉलेजात बेडूक कापल्याशिवाय प्राणिशास्त्र शिकता येत नाही, असे सांगितले जाई. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अभ्यासक्रमातील ही चिरफाड बंद केली, आणि प्राणिशास्त्र शिकणे काही थांबले नाही. म्हणजे ती गरज नव्हती, नुसती सवय होती. २०२३ साली औषध चाचणीचे नियम बदलून प्राण्यांऐवजी पेशींवर व संगणकावर केलेल्या चाचण्याही ग्राह्य धरल्या गेल्या.

आपली मुले-मुली आज बी.एस्सी., फार्मसीला जात आहेत. उद्या त्यांतले काही प्रयोगशाळेत उभे राहतील. हा प्रयोग कशासाठी? दुसरा मार्ग आहे काय? प्राणी कमी लागतील काय? वेदना टाळता येतील काय? हे प्रश्न त्यांनी निर्भयपणे विचारावेत. आणि दंडावर सुई घेताना त्यामागे कुणाचे मरण आहे, याची जाण आपण घरातल्यांनीही ठेवावी.