माळरानावरील सायकलचा मार्ग
इंग्लंडमधील किंडर स्काउट या उंच माळरानावर पायी फिरण्याचा हक्क लोकांना सहजासहजी लाभला नाही. १९३२ साली शेकडो लोक जमीनमालकांची मनाई मोडून ते चढले. त्या प्रकरणी पाच जणांना तुरुंगवास घडला. पुढे २००० सालच्या कायद्याने अशी माळराने खुली झाली. पण केवळ पायी चालणारांस! सायकलस्वारास १९६८ पासून हक्क आहे तो घोडेवाटांचा, आणि तेथेही पादचारी व घोडेस्वार यांना त्याने आधी वाट द्यावयाची असते. म्हणून मार्ग आखताना तो नकाशावरील हिरव्या तुटक रेषा बारकाईने पाहतो. आखूड ती पाऊलवाट, लांब ती घोडेवाट. एडेलहून हेफील्डला जाताना पठारावरील पाऊलवाट कितीही मोह घालो, त्याला जेकब्स लॅडरची खडकाळ घोडेवाटच धरावी लागते. आणि तिचा चढ असा, की सायकल बहुधा ढकलीतच न्यावी लागते.